घरगुती उपायांत औषध कोठे असते?

मराठी घरात स्वयंपाकाचे साहित्य आणि औषधाचे साहित्य ही फार काळपर्यंत वेगवेगळ्या जागी ठेवायची गोष्ट नव्हती. मिसळणाच्या डब्यातील हळद, हिंग आणि जिरे, फडताळातील सुंठ, ओवा, बडीशेप आणि आमसुले, परसातील तुळस, गवती चहा आणि अडुळसा यांवरच सर्दी, खोकला, पोटदुखी, अपचन, किरकोळ कापणे-भाजणे अशा रोजच्या तक्रारी निभावून नेल्या जात आणि वैद्याला किंवा डॉक्टरला बोलावणे ही नंतरची पायरी असे. हे ज्ञान केवळ तोंडी राहिले असेही नाही. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या 'आर्यभिषक'सारख्या ग्रंथांनी वनस्पतींचे गुण, त्यांची मात्रा आणि अनुपान, म्हणजे औषध ज्याच्याबरोबर घ्यावयाचे तो मध, तूप, ताक किंवा कोमट पाणी यांसारखा पदार्थ, या गोष्टी सामान्य वाचकाच्या हाती दिल्या.

या उपायांकडे पाहण्याच्या आज दोन तऱ्हा दिसतात. जे स्वयंपाकघरातले ते निरुपद्रवी आणि जे निसर्गातले ते गुणकारीच, असे एका बाजूला मानले जाते. दुसऱ्या बाजूला हा सगळाच अडाणीपणा आहे असे म्हणून तो मोडीत काढला जातो. दोन्ही बाजूंना एक प्रश्न टाळता येतो, तो असा की एखाद्या उपायाने गुण आला तेव्हा त्यातील नेमक्या कशाने आला. काढ्याने बरे वाटले तर ते तुळशीमुळे, की गरम पाण्यामुळे, की तिसऱ्या दिवशी सर्दी तशीही उतरणारच होती म्हणून? हा प्रश्न धरून चालले की असे दिसते की घरगुती उपायांतील बरीचशी ताकद पाणी, मीठ, ऊब आणि काळ यांत असते, वनस्पतीत खरोखरीचे औषध असते ते थोड्या ठिकाणी, आणि जेथे ते असते तेथे मात्रेचा व अपायाचा प्रश्न लगेच पाठोपाठ येतो.

यांपैकी काळ हा घटक सर्वांत फसवा आहे, कारण रोजच्या तक्रारींपैकी बहुतेक आपोआप बऱ्या होणाऱ्या असतात. सर्दी दोनशेहून अधिक प्रकारच्या विषाणूंमुळे होते आणि ती साधारणतः सात ते दहा दिवसांत ओसरते. तिच्या पाठोपाठ येणारा खोकला तीन आठवडेही रेंगाळू शकतो. अंगावर पित्त उठते, म्हणजे खाजऱ्या लालसर गांधी येतात, तेव्हा त्यांवर आमसुलाचे पाणी चोळण्याची पद्धत कोकणात सर्रास आहे. त्या पाण्याचा गारवा खाज तात्पुरती शमवतो हे खरे, परंतु अशी एखादी गांधी काहीही न करता बहुधा चोवीस तासांच्या आत मावळते. तान्ह्या बाळाचे संध्याकाळचे रडणे साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक असते आणि तीन-चार महिन्यांचे होईतो ते आपसूक कमी होते, त्यामुळे बेंबीभोवती लावलेल्या हिंगाच्या पाण्याला त्याचे श्रेय मिळण्यास भरपूर अवकाश राहतो. कोणत्याही दुखण्यावर माणूस उपाय करतो तो दुखणे ऐन भरात असताना, आणि भर ओसरण्याचा काळ नेमका त्यानंतरचा असल्यामुळे शेवटी जो उपाय केला तोच लागू पडला असे वाटते.

काविळीचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. पावसाळ्यात दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ बहुतेक वेळा 'अ' किंवा 'ई' या प्रकारच्या यकृतदाहाच्या विषाणूंमुळे होते आणि धडधाकट माणसाचे यकृत काही आठवड्यांत स्वतःच सावरते. याच काळात अमुक गावी तमुक वाराला मिळणारे 'काविळीचे औषध' घेतले जाते, किंवा 'कावीळ उतरवली' जाते. उतरवण्याच्या एका प्रकारात रोग्याच्या हाताला आंब्याच्या सालीचा रस आधीच लावलेला असतो आणि मग चुन्याच्या निवळीने हात धुतले की पाणी पिवळेधमक होते. सालीतील द्रव्ये आणि चुना यांच्या रासायनिक क्रियेचा तो रंग असतो, आणि धडधाकट माणसाचे हात तसेच धुतले तरी तो उतरतोच. देवडांगरीच्या फळाचा रस नाकात सोडण्याच्या प्रकारात नाकातील नाजूक त्वचेचा दाह होऊन पिवळसर पाणी वाहते आणि तेच काविळीचे पाणी म्हणून दाखवले जाते. रोगी बरा होतो, उपायाचा लौकिक वाढतो. मात्र गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत झालेली 'ई' प्रकारची कावीळ जिवावर बेतू शकते, आणि पित्तनलिकेत खडा अडकल्याने झालेल्या काविळीत तो खडा बहुधा दुर्बिणीने किंवा शस्त्रक्रियेने काढावा लागतो. अशा रोग्याच्या बाबतीत गावोगाव फिरण्यात गेलेले चार दिवस परत मिळत नाहीत.

काढा, मध आणि अडुळसा

सर्दी-पडशावरील काढ्याचे घटक घराघरांत बदलतात, परंतु आले किंवा सुंठ, तुळस, गवती चहा, मिरी, दालचिनी आणि गूळ ही मंडळी बहुतेक काढ्यांत हजर असतात. गरम पेयाचा सर्दीवर काय परिणाम होतो हे वेल्समधील कार्डिफ विद्यापीठाच्या सर्दीविषयक केंद्रात तपासले गेले आणि तो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. तेथे एकच फळांचे पेय काही रुग्णांना गरम आणि काहींना खोलीच्या तापमानाला दिले असता गरम पेय घेणाऱ्यांना नाक वाहणे, खोकला, शिंका, घसादुखी आणि थकवा यांत लगेच उतार जाणवला. नाकातून जाणारी हवा यंत्राने मोजली तेव्हा मात्र दोन्ही गटांत फरक आढळला नाही. याचा अर्थ असा की आराम खरा होता, पण नाक मोकळे झाल्याने तो आला नव्हता. तिखट, गोड आणि सुगंधी गरम द्रवाने लाळ व घशातील स्राव वाढतात, कोरडा घसा ओला राहतो, आणि एवढ्यानेही रात्रीची झोप लागू शकते. काढ्याला याहून मोठे काही चिकटवण्याचे कारण नाही.

वाफारा घेण्याबाबतचा पुरावा त्याहून कच्चा आहे. दमट गरम हवेने सर्दीचा काळ कमी होतो असे चाचण्यांतून खात्रीने दिसलेले नाही, उलट उकळत्या पाण्याचे पातेले कलंडून लहान मुले पोळल्याच्या घटना वारंवार घडतात. डोक्यावर पांघरूण घेऊन पातेल्यावर वाकण्याचा प्रकार मुलांच्या बाबतीत सोडून देणेच शहाणपणाचे.

मधाची गोष्ट वेगळी आहे. झोपण्यापूर्वी दिलेला चमचाभर मध मुलांचा रात्रीचा खोकला काही प्रमाणात कमी करतो, असे एकाहून अधिक तुलनात्मक चाचण्यांत आढळले असून ब्रिटनच्या आरोग्यविषयक मार्गदर्शक सूचनांतही २०१८पासून साध्या खोकल्यासाठी मधाचा उल्लेख आहे. येथे घरगुती उपाय औषधाच्या दुकानातील अनेक सिरपांच्या बरोबरीने उभा राहतो. एक वर्षाखालील बाळाला मात्र मध मुळीच देऊ नये, कारण मधात 'क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम' या जिवाणूची बीजे असू शकतात आणि तान्ह्या आतड्यात ती रुजली तर त्यांच्या विषाने स्नायू लुळे पडून श्वास बंद होण्याचा धोका असतो. मोठ्यांच्या आतड्यातील इतर जिवाणू या बीजांना वाढू देत नाहीत. नवजात बाळाला मध चाटवण्याचा संस्कार अनेक घरांत आजही हौसेने होतो, म्हणून हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे.

वनस्पतीत खरोखरीचे औषध असण्याचा उत्तम दाखला म्हणजे अडुळसा. कुंपणाला लावलेल्या या झुडपाची पाने गुरे सहसा खात नाहीत. तीच पाने वाफवून, कुटून काढलेला रस मधाबरोबर खोकल्यावर देण्याची परंपरा जुनी आहे. या पानांत वासिसिन नावाचे अल्कलॉइड असते. अल्कलॉइड म्हणजे वनस्पतीत तयार होणारे, नत्र असलेले आणि थोड्या प्रमाणातही शरीरावर प्रभाव पाडणारे द्रव्य. वासिसिनच्या रचनेवरून विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार करण्यात आले, आणि ब्रोमहेक्सिनचे शरीरात जे रूपांतर होते तेच अँब्रॉक्सॉल या नावाने स्वतंत्रपणे विकले जाते. आज कोणत्याही औषधविक्रेत्याकडील खोकल्याच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरे वाचली तर या दोहोंपैकी एखादे नाव हमखास सापडते. परंतु जे द्रव्य कफावर काम करण्याइतके प्रभावी आहे ते अन्यत्रही प्रभावी असते: वासिसिन गर्भाशयाचे आकुंचन वाढवते, म्हणून गर्भवतीने अडुळशाचा रस घेऊ नये. अडुळसा औषधी आहे हे मान्य करायचे तर तो सर्वांना केव्हाही चालतो हे म्हणणे सोडावे लागते, आणि घरगुती उपायांच्या उत्साही पुरस्कर्त्यांना नेमके हेच जड जाते.

करोनाच्या साथीत ही अडचण मोठ्या प्रमाणावर दिसली. केंद्रीय आयुष मंत्रालयाने २०२०मध्ये तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदा-दोनदा घेण्याचे सुचवले होते. लोकांनी त्यात आपापली भर घातली, काढा दिवसातून चार-चार वेळा उकळला जाऊ लागला, आणि गुळवेलीच्या कांडांना एकाएकी मागणी आली. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१मध्ये गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताचा दाह झालेल्या रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला आणि गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असण्याची शक्यता मांडली. वाद कोणाच्याही बाजूने मिटो, घरी वेल ओळखणाऱ्या माणसाच्या दृष्टीने दोन्ही शक्यता सारख्याच काळजीच्या आहेत.

हळदीचे गणित

हळदीइतके कौतुक दुसऱ्या कोणत्याही घरगुती द्रव्याच्या वाट्याला आलेले नाही. सांगलीच्या आणि वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि हळदीच्या जखम भरून आणण्याच्या गुणावर १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालेले पेटंट भारताने लढून रद्द करवले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि छापील निबंध पुराव्यादाखल सादर केले आणि १९९७मध्ये ते पेटंट रद्द झाले. या विजयाचा अर्थ अनेकदा चुकीचा लावला जातो. हळदीचा हा उपयोग भारतात पूर्वीपासून ज्ञात असून तो नवा शोध नाही, एवढेच त्यातून सिद्ध झाले. तो उपयोग कितपत परिणामकारक आहे, हा प्रश्न पेटंट कार्यालयापुढे नव्हताच.

परिणामकारकतेचे गणित मांडून पाहिले तर चित्र बरेच खाली येते. हळदीतील क्रियाशील द्रव्य कुर्क्युमिन हे पुडीच्या वजनाच्या साधारण तीन टक्के असते. आयुष मंत्रालयाच्या त्याच सूचनांत दीडशे मिलिलिटर गरम दुधात अर्धा चमचा हळद असे प्रमाण होते. अर्ध्या चमच्यात दीड ग्रॅमच्या आसपास हळद धरली तर कुर्क्युमिन जेमतेम पंचेचाळीस मिलिग्रॅम भरते. सांधेदुखीवर ज्या चाचण्यांत कुर्क्युमिनचा काही उपयोग दिसला त्यांत रोजची मात्रा पाचशे मिलिग्रॅमपासून पुढे होती, आणि तीही आतड्यातून फारशी शोषली जात नाही. मिरीतील पिपरिन हे द्रव्य सोबत दिल्यास रक्तातील कुर्क्युमिनचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते असे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८मध्ये दाखवले, म्हणून हळदीच्या दुधात चिमूटभर मिरपूड घालण्याला आधार आहे. मात्र पिपरिन इतर औषधांचे शोषणही बदलते, हे रोज गोळ्या घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. एकूण, हळदीचे दूध हे रात्री घ्यावयाचे चांगले, उबदार पेय आहे.

ताज्या जखमेवर हळद दाबण्याची सवय मात्र मोडायला हवी. मसाल्याची पूड निर्जंतुक नसते, तिच्यामुळे जखमेच्या कडा आणि खोली दिसेनाशी होते, आणि रक्त थांबते ते बहुतांशी हळद दाबताना पडलेल्या दाबाने. स्वच्छ वाहत्या पाण्याखाली जखम धुऊन स्वच्छ कापडाने दहा मिनिटे न उचलता दाबून धरणे, आणि धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती ते आठवणे, एवढे घरी करण्यासारखे आहे. शिवाय हळकुंडांना झळाळी आणण्यासाठी शिशाचा क्रोमेट हा पिवळा रंग चोळण्याचा प्रकार उपखंडात काही ठिकाणी आढळलेला असल्याने, भडक रंगाची स्वस्त सुटी हळद आणण्यापेक्षा ओळखीच्या ठिकाणची हळकुंडे दळून घेणे बरे.

पेज आणि मीठ-साखर-पाणी

घरगुती उपायांत जीव वाचवण्याच्या बाबतीत जुलाबावरील उपायाच्या पासंगालाही दुसरा कोणता पुरणार नाही. जुलाबात मनुष्य दगावतो तो बहुतेक वेळा जंतूंमुळे थेट नव्हे, तर अंगातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. म्हणून जुलाब बंद करण्यापेक्षा गेलेले भरून काढणे अधिक महत्त्वाचे ठरते. ही जाणीव परंपरेला अंशतः होती. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात, येथील वैद्य पटकीसारख्या आजारात मिरी-जिरे घातलेली तांदळाची पेज पाजतात, अशी नोंद आहे. आजही कोकणात आणि गोव्यात पोट बिघडले की मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेजच समोर येते. दुसरीकडे, जुलाब होत असताना पाणी तोडण्याची, लंघन घालण्याची समजूतही याच समाजात होती आणि तिने लहान मुलांचे अपरिमित नुकसान केले.

पेजेने काम का होते हे कळण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. लहान आतड्याच्या अस्तरातील एक वाहक प्रथिन साखरेचा आणि मिठातील सोडियमचा कण एकत्रच आत घेते, आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढले जाते. रॉबर्ट क्रेन यांनी १९६०मध्ये मांडलेली ही व्यवस्था पटकीतही शाबूत राहते. नुसते पाणी किंवा नुसते मिठाचे पाणी पाजून जे होत नाही ते साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र आल्यावर होते. १९७१मध्ये बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत पटकी पसरली, शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे द्रावण पिंपांत भरून ठेवले आणि ते पाजण्याचे काम रोग्यांच्या नातेवाइकांवर सोपवले. तीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखाली ३.६ टक्क्यांवर आले. वैद्यकाच्या इतिहासात एवढी मोठी झेप नातेवाइकांच्या हातातील वाटी-चमच्याने क्वचितच घेतली असेल.

बांगलादेशातील 'ब्रॅक' या संस्थेने पुढे १९८०च्या दशकात घरोघरी जाऊन तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी हे माप लक्षावधी मातांना शिकवले, आणि शिकवणाऱ्या स्त्रियांचा मोबदला, आईला ते किती नीट आठवते यावर ठेवला. मापावरचा हा भर अनाठायी नव्हता. मीठ कमी पडले तर द्रावणाचा उपयोग होत नाही आणि जास्त झाले तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. घरी करावयाचे द्रावण असे: उकळून गार केलेले एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार मिळणाऱ्या तयार पाकिटात २०.५ ग्रॅम भुकटी असते, तीत पोटॅशियम आणि सायट्रेटही असल्याने पाकीट मिळत असेल तर ते अधिक चांगले. परंतु एक लिटरचे पाकीट अंदाजाने निम्मे पेल्यात टाकण्याची चूक फार घरांत होते. ते एकदम एक लिटर पाण्यातच घालावे आणि चोवीस तासांनंतर उरलेले द्रावण ओतून टाकावे. पुठ्ठ्याच्या डब्यांतील गोड फळपेये हे या द्रावणाला पर्याय नाहीत. त्यांतील जादा साखर पाणी उलट आतड्यात ओढून जुलाब वाढवते.

तांदळाच्या पेजेत पिष्टापासून साखर हळूहळू सुटत असल्याने ही उलटी ओढ निर्माण होत नाही, आणि पटकीच्या रुग्णांत तांदळाच्या पिठापासून केलेल्या क्षारद्रावणाने जुलाबाचे प्रमाण ग्लुकोजच्या द्रावणापेक्षा कमी राहते असे अभ्यासांत आढळले आहे. पेजेत मीठ घालायला विसरू नये, एवढेच. ताक, डाळीचे पाणी, शहाळे हे जोडीला चालतात. तान्ह्या बाळाचे अंगावरचे दूध तर क्षणभरही बंद करू नये. लहान मुलांना दहा ते चौदा दिवस जस्ताच्या गोळ्या देण्याची शिफारस आहे आणि त्या सरकारी आरोग्य केंद्रात मिळतात. कुड्याची साल, डाळिंबाची साल, मायफळ यांसारखी स्तंभक, म्हणजे आवळून धरणारी द्रव्ये हगवणीवर परंपरेने दिली जातात. मोठ्या माणसाच्या साध्या जुलाबात ती चालून जातील, पण मुलांमध्ये जुलाब बाहेरून थांबल्यासारखे दिसणे हे पाणी भरून निघाल्याचे लक्षण नव्हे.

भाजल्यावर

भाजलेल्या जागी लावण्याच्या पदार्थांची यादी लांबलचक आहे: शाई, तूप, टूथपेस्ट, कच्च्या बटाट्याचा कीस, हळद, कोरफड. यांतील पहिले तीन तर उष्णता आतच कोंडतात किंवा डॉक्टरांना जखमेची खोली दिसू देत नाहीत. भाजल्यानंतरच्या पहिल्या घटकेत एकच गोष्ट उपयोगाची आहे, ती म्हणजे नळाचे वाहते साधे पाणी वीस मिनिटे, बर्फ नव्हे. वीस मिनिटे हा काळ नळाखाली हात धरून उभ्या असलेल्याला फार लांब वाटतो आणि बहुतेक जण दोन मिनिटांत नळ बंद करतात.

बटाटा आणि केळीचे पान यांची येथे मुंबईपुरती एक निराळी कथा आहे. वाडिया बालरुग्णालयातील डॉ. एम. एच. केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या साली कापडावर चिकटवून भाजलेल्या जखमांवर बांधण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला, आणि पुढे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचे आवरण त्याच कामासाठी तपासले. केळीचे पान गुळगुळीत व मेणचट असल्याने जखमेला चिकटत नाही आणि पट्टी बदलताना होणाऱ्या वेदना टळतात. परंतु दोन्ही ठिकाणी साली व पाने निर्जंतुक केलेली होती, जखम आधी स्वच्छ केलेली होती आणि निर्णय शल्यचिकित्सकांचा होता. यावरून कच्चा कीस थापण्याला आधार मिळत नाही; स्वस्त स्थानिक वस्तूला चाचणीची शिस्त लावली की तिच्यातून काय निघते ते मात्र दिसते.

बाळगुटी

मात्रेची जाण परंपरेत किती सूक्ष्म होती हे पाहायचे तर बाळगुटीकडे पाहावे. मुरूडशेंग, मायफळ, हळकुंड, वेखंड, बाळहिरडा, जायफळ, अतिविष, ज्येष्ठमध, सागरगोटा, काकडशिंगी, खारीक, बदाम अशा जिनसा सहाणेवर आईच्या दुधात किंवा पाण्यात उगाळतात, आणि प्रत्येकीचे माप वळशांत मोजतात: खारीक-बदामाचे वळसे वयाबरोबर वाढवायचे, जायफळाचा एखादाच, पोट घट्ट असेल तर मायफळ वगळायचे आणि हिरडा वाढवायचा. बाळाच्या शीवर नजर ठेवून रोज मात्रा बदलणारी ही पद्धत, सर्वांना सारखीच मात्रा सांगणाऱ्या बाटलीपेक्षा विचारी होती, हे मान्य केले पाहिजे.

तरीही आजचा निर्णय तिच्या विरुद्ध जातो. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा देऊ नये, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे आणि न धुतलेली सहाण हे त्यामागील साधे कारण आहे. वेखंडातील बीटा-ॲसरोन या द्रव्याने प्राण्यांत कर्करोग होत असल्याचे दिसल्यावर अमेरिकेने १९६८मध्ये अन्नपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी घातली. जायफळ अधिक उगाळले गेले तर बाळ झोपत नाही, गुंगीत जाते. अतिविष स्वतः तेवढे विषारी नसले तरी ते बचनागाच्याच कुळातले आहे, आणि काष्ठौषधींच्या दुकानात एका मुळीच्या जागी दुसरी आली तर उगाळणाऱ्या हाताला ते कळणार नाही. बाळाला शांत झोपवणाऱ्या द्रव्यांचा इतिहास तर अधिकच काळा आहे: मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया पाळीवर जाताना मुलांना अफूची 'बाळागोळी' देत, आणि १९२०च्या दशकाच्या आरंभी डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांच्या पाहणीत ही प्रथा कामकरी वस्तीत जवळजवळ सार्वत्रिक असल्याचे आढळले. तो दोष आयांचा म्हणता येत नाही. पाळणाघर नव्हते आणि पाळी चुकवणे परवडत नव्हते.

उरलेल्या उपायांचा निकाल थोडक्यात देता येतो. लवंगेतील युजेनॉल दाढेची ठणक खरोखर बधिर करते, आणि दंतवैद्यही झिंक ऑक्साइडबरोबर तेच वापरतात. कीड मात्र तशीच राहते. सुंठ गर्भारपणातील मळमळीवर उपयोगी असल्याचे चाचण्यांत दिसले आहे. इसबगोल बद्धकोष्ठावर उत्तम, पण पेलाभर पाण्याशिवाय घेतल्यास तोच आतड्यात अडकू शकतो. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या घशाला आराम देतात आणि कोणाचे वाईट करत नाहीत. ओव्याच्या पुरचुंडीचा वास थायमॉलमुळे नाकाला मोकळे वाटायला लावतो. त्या पुरचुंडीत कापूर बांधण्याची पद्धत मात्र दोन वर्षांखालील मुलांच्या बाबतीत धोक्याची आहे, कारण कापूर पोटात गेला तर झटके येतात.

घरगुती उपाय कोठे थांबवायचा, हे कोणत्या उपायाने सुरुवात करायची याहून महत्त्वाचे आहे, आणि त्यासाठी डॉक्टरी ज्ञान लागत नाही. जुलाब होणाऱ्या मुलाचे डोळे खोल गेले, पोटाची त्वचा चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू खाली बसू लागली, लघवी सहा-आठ तास झाली नाही, किंवा शौचातून रक्त पडले, तर पेजेवर विसंबू नये. गांधींबरोबर ओठ किंवा जीभ सुजली तर आमसूल शोधण्यात वेळ घालवू नये. खोकणाऱ्या मुलाचा श्वास ते शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावा: दोन महिन्यांखालील बाळात साठ किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत पन्नास किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा अधिक श्वास भरले, अथवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असला, तर तो न्यूमोनिया समजून मुलाला त्याच वेळी दवाखान्यात न्यावे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य लागतो.